धर्मबापाची बाटली

बोटीचा पहिला थर चढण्याआधी रेझिनच्या डब्यात हार्डनर ओतायचा तो धर्मबापाने, ही या किनाऱ्याची रीत. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मबाप लागतो तसा बोटीलाही लागतो, आणि तो कुणीतरी वजनदार असावा लागतो. बर्फाच्या कारखान्याचा मालक, डिझेलवाला, गेला बाजार एखादा निवृत्त पोलीस. तो पांढरा शर्ट घालून येतो, लाल फडकं बांधलेल्या काचेच्या बाटलीतून डब्यात हार्डनर ओततो, चार शब्द बोलतो आणि मग बाटलीतले उरलेले थेंब तळहातावर घेऊन बोटीच्या मालकाच्या मिटलेल्या डोळ्यांना लावतो. समुद्रावर नजर साफ राहावी म्हणून. मग टाळ्या, मग उसाची दारू, मग शेंगदाण्याचा कूट घातलेला माशाचा रस्सा.

आणि हे सगळं खोटं होतं. लाल फडक्याच्या बाटलीत पाणी असायचं. टँकरवाला आणून टाकीत ओततो ते साधं पाणी.

हे ठाऊक होतं दोघांना. नार्सिसा आंचुंदियाला, जिचा तो कारखाना, आणि होल्गेरला, जो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि कारखान्यातला घासकाम करणारा. कारखाना म्हणजे तरी काय, बांबूच्या खांबांवर पत्रे, तीन बाजू उघड्या आणि समोर समुद्र. मधोमध बोटीचा साचा उताणा पडलेला, मेण लावून आरशासारखा घासलेला. लाकडाच्या बोटी कधीच इतिहासजमा झाल्या होत्या. आता सगळ्या फायबरच्या, इतक्या की लोक बोटीला बोट म्हणतच नाहीत, फिब्रा म्हणतात.

रेझिन म्हणजे काकवी. हार्डनर पडेपर्यंत पिंपात नुसतं सुस्त पडून असतं. हार्डनर पडला की आतून तापायला लागतं आणि बघता बघता दगड होतं. कमी पडला तर बोट चिकट राहते, उन्हात मऊ पडते आणि लाटेत पिळवटते. जास्त पडला तर तडकते, धुमसते, कधी पेटतेसुद्धा. उन्हाळ्यात कमी लागतो, भुरभुर पावसाच्या थंड महिन्यांत जास्त. हे सगळं हाताने शिकायचं काम. आणि हार्डनर दिसतो कसा, तर पाण्यासारखा. हीच त्याची बदमाशी.

नार्सिसाच्या बापाच्या, क्लिमाकोच्या काळात धर्मबापाला खराच हार्डनर देत. एकदा बंदरावरचा एक साहेब धर्मबाप म्हणून आला तो घरूनच पिऊन आला. त्याने अख्खी बाटली उपडी केली. डबा पेटला, शेजारची फायबरची चटई पेटली, जाळ पत्र्याला जाऊन भिडला. आग विझल्यावर क्लिमाको काळ्या तोंडाने म्हणाला, "यांच्या हातात यापुढे पाणी. ओतू देत काय ओतायचं ते." तेव्हापासून डबाही वेगळा, नुसता दाखवायचा. समारंभ झाला की तो मागच्या खड्ड्यात रिकामा करायचा, आणि खरं रेझिन मागच्या टेबलावर नार्सिसा मोजून कालवायची, डोळ्यांवर ओरखडे पडलेला जाड चष्मा चढवून.

डोळ्यांना लावायची रीत नंतरची. कुणा धर्मबापाने ओला हात पुसायला जागा नाही म्हणून गमतीत मालकाच्या डोळ्यांना पुसला, आणि त्या बोटीला त्या मोसमात ट्यूना दणकून लागला. झालं. पुढच्याने तेच मागितलं. क्लिमाको हसला आणि म्हणाला, लावू देत, पाणीच तर आहे.

स्टालिन किहिहे हा नार्सिसाचा कोम्पाद्रे. म्हणजे त्याच्या धाकट्या लेकीची ती धर्मआई, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा, ती त्याला कोम्पाद्रे, आणि नात्याचा मान म्हणून दोघं एकमेकांना अहोजाहो करायची. स्टालिनच्या बापाने दोन्ही मुलांना क्रांतिकारकांची नावं दिली होती, स्टालिन आणि लेनिन, आणि दोघंही भाऊ रविवारी न चुकता चर्चला जायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींवर राबून स्टालिनने आता स्वतःची फिब्रा सांगितली होती. साचा त्याच्याचसाठी घासून ठेवला होता.

पण त्याचे डोळे जात चालले होते. ऊन, मीठ आणि वारा यांनी इथल्या निम्म्या कोळ्यांच्या डोळ्यांत मांस वाढतं. नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी पापुद्रा निघतो आणि बुबुळावर सरकत येतो. शहरातल्या सरकारी इस्पितळात ते कापून काढतात म्हणे. म्हणे अशासाठी की तारीख मिळते पुढच्या वर्षाची, आणि त्या तारखेला पहाटेपासून रांगेत उभं राहिलं की खिडकीतली बाई सांगते, डॉक्टर सुट्टीवर आहेत. स्टालिन दोनदा जाऊन आला होता. डावीकडचं मांस बुबुळाच्या निम्म्यात आलं होतं, उजवीकडचं नुकतंच निघालं होतं. बोट स्वतःची झाली आणि तीवरून पक्षी कुठे घिरट्या घालतायत हे दिसेना, तर ती बोट चुलीत घालायची का?

समारंभाच्या आदल्या दुपारी तो कारखान्यात येऊन बसला. नार्सिसा साच्यावर मेणाचा शेवटचा हात फिरवत होती.

"कोमाद्रे, एक विचारू?"

"विचारा. पण साच्याला हात लावू नका, मेण ओलं आहे."

"हा हार्डनर मऊ जिनसा घट्ट करतो. बरोबर? पण जिथे पडू नये तिथे पडला तर काय करतो?"

"खातो. माझ्या बुटांची दशा बघा की."

"म्हणजे नको असलेलं खाऊन टाकतो."

"त्याला काय कळतंय, कोम्पाद्रे, नको काय नि हवं काय."

"माझ्या बायकोलाही कळत नाही," मागून होल्गेर घासता घासता म्हणाला. "पण खाते सगळं."

"सांगू तिला? माझीच बहीण आहे ती," नार्सिसा म्हणाली, आणि तिघंही हसले. तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. पाणी टाकीत नीट पडतंय का हे उभं राहून बघावं लागतं, नाहीतर टँकरवाला अर्धं ओतून पसार होतो. नार्सिसा गेली, नळी धरायला होल्गेरही गेला. स्टालिन एकटा बसून राहिला. दोघं परत आले तेव्हा तो निघायच्या बेतात होता, आणि लाल फडक्याची बाटली फळीवर होती तिथेच होती. तिच्याकडे कोण कशाला बघतंय?

सकाळी आभाळ राखेच्या रंगाचं होतं, भुरभुर चालू होती. संत पेद्रोच्या जत्रेचे दिवस, त्यामुळे गर्दी चांगली जमली होती. धर्मबाप होता सेनोन, बर्फाच्या कारखान्याचा मालक. मानाने सगळे त्याला दोन सेनोन म्हणत; दोन म्हणजे इथलं 'राव', बाई असेल तर दोन्या. पोट असं की शर्टाची बटणं नवस बोलत असावीत. किनाऱ्यावरच्या डझनभर बोटींचा हा बाप.

"उतारा घ्या, दोन सेनोन," कुणीतरी ओरडलं. "हात थरथरला तर बोट थरथरेल."

"माझा हात बर्फात मुरलाय, बाळा. तुझ्यासारखा बाटलीत नाही."

हशा पिकला. दोन सेनोनने बाटलीचं बूच काढलं आणि सढळ हाताने अर्धीअधिक बाटली डब्यात ओतली. काठीने दोनदा ढवळलं. मग बाटली हातात धरून तो बोलायला लागला. समुद्राविषयी बोलला, आपल्या आजोबाविषयी बोलला, बर्फाच्या भावाविषयीही बोलला. नार्सिसा चष्मा कपाळावर सरकवून एका खांबाला टेकून उभी होती. हे भाषण तिला पाठ होतं. तिची नजर सवयीने डब्यावर गेली.

डब्याच्या काठावरून वाफ निघत होती.

आधी तिला वाटलं, कुणीतरी सिगारेट ओढतंय. मग तिला दिसलं की काठी डब्यात सरळ उभी आहे. कुणी न धरता. मग आतून टक्कन आवाज आला, काच तडकल्यासारखा, आणि वाफेचा धूर झाला.

"बघा, बघा, धरलं," एक म्हातारी हात जोडून म्हणाली. "कसा पटकन धरला आशीर्वाद."

लोक टाळ्या वाजवायला लागले. नार्सिसा जागची हलली नाही. तिला जे दिसत होतं ते होणंच शक्य नव्हतं. पाण्याने रेझिन तापत नाही. तिच्या डोक्यात हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा फिरत राहिलं, पाण्याने रेझिन तापत नाही, आणि ते फिरत असताना तिकडे दोन सेनोनने उरलेली बाटली आपल्या तळव्यावर उपडी केली.

रीत अशी की मालकाने डोळे मिटून उभं राहायचं. स्टालिनने मिटले नाहीत. त्याने दोन्ही हातांच्या बोटांनी डाव्या डोळ्याच्या पापण्या फाकवल्या आणि चेहरा वर केला.

"थांबा," नार्सिसा ओरडली, पण ती पोचेपर्यंत दोन सेनोनचा तळहात त्याच्या डाव्या डोळ्यावर होता आणि मग उजव्याच्या कडेला पुसलाही गेला होता.

पहिल्यांदा ओरडला तो दोन सेनोन. "अरे, काय आहे हे? आग होतेय हाताची. दारू भरलीत का रे?"

स्टालिन ओरडला नाही. तो दात आवळून उभा होता. डाव्या डोळ्यातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, मान थडथडत होती, आणि तो म्हणत होता, "राहू द्या. राहू द्या. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

नार्सिसाने त्याचा दंड धरला. "समुद्रात चला. आत्ताच्या आत्ता."

"सोडा, कोमाद्रे."

"मीठ जाईल डोळ्यात," त्याची बायको मोन्सेराते मध्ये आली. "अहो, आंधळा होईल तो."

"बाई, आशीर्वाद धुवायला निघालीस?" ती म्हातारी म्हणाली. दोघाचौघांनी वाट अडवली. माणसं चांगली होती हो. रोज मासळी वाटून खाणारी होती. पण त्या क्षणी ती एका माणसाच्या डोळ्यासमोर भिंत होऊन उभी राहिली, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा नार्सिसा बोलली. ती एवढ्या मोठ्याने कधी बोलत नसे.

"ऐका. आजवर या बाटलीत पाणी होतं. प्रत्येक वेळी पाणी. तुमच्या बोटीला, तुमच्या, तुमच्याही. माझ्या बापाने पाणी दिलं, मी पाणी दिलं. आज यात खरा हार्डनर आहे, कसा आला मला माहीत नाही, आणि तो डोळा जाळतो. व्हा बाजूला."

कुणी हललं नाही. आणि तिच्या मुठीत दंड असलेला स्टालिन, डोळे घट्ट मिटून, अगदी समजावल्यासारखं म्हणाला, "पाणी होतं ते ठाऊक आहे मला. होल्गेर परवा पिऊन बोलला. म्हणून तर काल मी पाणी ओतून दिलं आणि तुमच्या कॅनमधून खरा भरला."

नार्सिसाला एका दमात सगळं दिसलं. या माणसाने लहानपणापासून पाहिलं होतं की हार्डनर डोळ्यांना लावतात आणि लोक हसतात, पितात, रस्सा खातात. परवा पाण्याचं कळलं तरी मनात मुरलेली ती खात्री गेली नव्हती. हार्डनर डोळ्याला निरुपद्रवी असतो हे त्याला कुणी शिकवलं होतं? तिने. तिच्या बापाने. आग टाळायला म्हणून. चष्मा ती लावायची, पण मागच्या टेबलापाशी, कुणी बघत नसताना.

"होल्गेर," ती एवढंच म्हणाली.

होल्गेर आडदांड होता. त्याने म्हातारीला उचलून बाजूला ठेवलं, स्टालिनला खांद्यावर टाकलं आणि धावला. कमरेएवढ्या लाटेत दोघांनी त्याला उताणा धरला. नार्सिसाने अंगठ्यांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्या, लाटेमागून लाट डोळ्यावरून जाऊ दिली. तो लाथा झाडत होता, शिव्या देत होता, तिच्या आईचा उद्धार करत होता. "द्या, शिव्या द्या," ती म्हणत होती, "पण डोळा उघडा ठेवा." मग होल्गेर टाकीतलं गोडं पाणी बादल्यांनी आणत राहिला. मग कुणाचातरी पिकअप आला, त्यात पाण्याचं पिंप चढवलं, आणि शहरापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून मोन्सेराते रडत रडत तांब्याने नवऱ्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत गेली. धुणं हाच इलाज, हे तिला तेव्हा कळलं होतं. सगळ्यांत आधी तिलाच कळलं.

डावा डोळा गेला. इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, दमलेली होती. म्हणाली, "बुबुळ पांढरं पडलंय, आतपर्यंत. उजव्याला कमी लागलं होतं, आणि तुम्ही लगेच धुतलंत. तो राहील."

नार्सिसाने विचारलं, "लगेच म्हणजे, आम्ही थोडा वेळ घालवला. लोक अडवत होते. तो वेळ गेला नसता तर?"

डॉक्टरीण पुढच्या रुग्णाचा कागद ओढून त्यावर लिहायला लागली.

नार्सिसाला वाटलं होतं की गाव आपल्याला जाब विचारेल. डोळा गेला, तुमच्या खोटेपणाने गेला, म्हणून दगड मारेल. ती तयारीत होती. दारात बसून राहिली.

गाव आलं. पण ते दुसरंच काही विचारायला.

पहिला आला दोन सेनोन, तळहाताला फडकं गुंडाळून. "म्हणजे मी इतक्या पोरांचा बाप झालो तो पाण्यावर?" तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघून सांगा, दोन्या नार्सिसा. मला भर लोकांत माकड बनवलंत?"

"तुमचा हात कसा आहे?"

"हाताचं जाऊ द्या हो. माझ्या शब्दाचं बोला."

मग दुसरा आला, ज्याची बोट गेल्या वर्षी दोन दिवस भरकटली होती. आता कळलं का भरकटली, म्हणाला. तिसऱ्याच्या भावाला जाळ्यात देवमासा अडकला तेव्हा हात गमवावा लागला होता, त्यालाही कारण सापडलं. एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, माझी बोट परत साच्यात घालून खऱ्या हार्डनरने बाप्तिस्मा देता येईल का? किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी एका दिवसात अनौरस ठरल्या होत्या आणि एकच औरस, स्टालिनची. जिचा अजून एक थरसुद्धा चढला नव्हता.

एका माणसाचा डोळा गेला होता, आणि गाव आपापल्या आशीर्वादाचा हिशेब मागत होतं. नार्सिसा ऐकत राहिली. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण रागाच्या आधी जी बधिरता येते तीच हटत नव्हती. रात्री कुणी झोपेत कानशिलात मारावी आणि उठून बघावं तर समोर आपलेच लोक, तसं काहीसं.

दाखवायचा डबा तसाच मधोमध पडून होता. आतलं रेझिन पिवळं पडून उभं चिरलं होतं, काठी त्यात गाडलेली. येणारे जाणारे त्याला हात लावून कपाळाला लावायला लागले तेव्हा तिने तो उचलून खड्ड्यात फेकला.

काही आठवड्यांनी मोन्सेराते मागच्या बाजूने आली. बसली नाही.

"कोमाद्रे, तो पुन्हा लावून घेणार आहे."

"काय लावून?"

"उजव्याला. उजव्यातलं मांस पुढे सरकलंय. तो म्हणतो, डावा गेला तो हार्डनरने नाही. डावा गेला तुम्ही धुतलात म्हणून. काम अर्धं झालं होतं, तुम्ही मीठ घालून बिघडवलं. न धुता राहू दिलं असतं तर मांस गळून पडलं असतं." ती पदराशी चाळा करावा तशी आपल्या ॲप्रनची नाडी पिळत होती. "येत्या शनिवारी बोटीला पुन्हा हात लावा असं सांगायला येईल. दोन सेनोनपण येणार. ओततील, आणि या वेळी त्याला धुवायला नेऊ नये म्हणून लेनिनला पाठीमागे उभा करणार आहे."

"आणि मी बाटली दिलीच नाही तर?"

"पलीकडच्या गावात दुसरा कारखाना आहे. हार्डनर तिथेही मिळतो, आणि तोही पाण्यासारखाच दिसतो."

नार्सिसा खाली बसली. इतके दिवस ज्या धक्क्यातून ती सावरली नव्हती तो काहीच नव्हता, असं तिला वाटलं. हा माणूस एक डोळा देऊनही काही शिकला नव्हता. का शिकेल? वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलेलं एका दिवसात खोटं कसं ठरवेल? आणि तिच्या शब्दाला आता कोण विचारतंय? तिने तर आजवर सगळ्यांना फसवलं होतं.

"शनिवारी," ती शेवटी म्हणाली, "लेनिनच्या बोटीतून एक दोरादो मासा ठेवून घ्या. त्याच पहाटेचा. बर्फात घालू नका."

शनिवारी पुन्हा गर्दी जमली, पहिल्यापेक्षा मोठी. खरा बाप्तिस्मा बघायला. स्टालिन डाव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून आला होता, ताठ मानेने, लग्नाला निघाल्यासारखा. त्याच्यामागे लेनिन. दोन सेनोनने या वेळी हातमोजे घातले होते, बर्फ उचलायचे. स्वतःपुरतं तो शिकला होता.

"कोमाद्रे, बाटली," स्टालिन म्हणाला.

नार्सिसाने लाल फडक्याची बाटली फळीवर ठेवली. शेजारी सगळ्यांसमोर कॅन ठेवला आणि त्यातून हार्डनर बाटलीत ओतला. "हा खरा," ती म्हणाली. "कुणाला शंका असेल तर येऊन वास घ्या." कुणी पुढे आलं नाही. मग तिने मोन्सेरातेला खूण केली. मोन्सेरातेने केळीच्या पानातला मासा आणून फळीवर ठेवला. हिरवा, सोनेरी, अजून रंग न उतरलेला.

"जेवण आधीच?" कुणीतरी म्हणालं. एकटाच हसला आणि गप्प झाला.

"कोम्पाद्रे, हा कधीचा मासा?"

स्टालिन वैतागला. "आजचा. पहाटेचा."

"कशावरून?"

"हे काय विचारणं झालं? डोळ्यावरून. काच आहे नुसती. शिळ्याचा डोळा दुधाळ होतो, आत बसतो. पोरालासुद्धा कळतं."

"बाजारात दुधाळ डोळ्याचा मासा कुणी आणला तर घ्याल?"

"मांजरालासुद्धा घालणार नाही."

"बरं. जवळ या. तुमच्या चांगल्या डोळ्याने बघा."

तिने चष्मा चढवला. या वेळी सगळ्यांसमोर, फळीपाशी उभं राहून. हातमोजे घातले. बाटली तिरकी करून माशाच्या डोळ्यात हार्डनर सोडला आणि लगेच, श्वास घ्यायच्या आत, तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. मग मासा पालथा केला. दुसऱ्या डोळ्यात तेवढाच हार्डनर सोडला. आणि पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवून दिला.

"याला धुवायचं नाही," ती म्हणाली. "आशीर्वाद लागू पडू द्या."

लोक थांबले. भुरभुर पत्र्यावर वाजत होती. स्टालिन फळीवर वाकला होता, नाक माशाला लागेल इतका. पहिल्यांदा काहीच झालं नाही, आणि गर्दीत कुणीतरी खोकलं. मग डोळ्याच्या कडेने एक धूसर रेघ उमटली. ती आत सरकली. काचेवर श्वास पडावा तसा डोळा आधी मंद झाला, मग करडा, मग पांढरा. उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा नाही. कालच्या, परवाच्या, बाजारात कुणी न घेतलेल्या माशासारखा.

नार्सिसाने मासा उलटा केला. धुतलेला डोळा कडेला किंचित धूसर होता. बाकी काच होती.

स्टालिनने मासा स्वतःच्या हाताने फिरवला. ही बाजू. ती बाजू. पुन्हा ही बाजू. इतका वेळ फिरवत राहिला की लेनिनने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याने झटकला नाही.

"माझा," तो म्हणाला, आणि त्याने काळ्या पट्टीला हात लावला. "माझा पट्टीखाली असाच आहे?"

"हो."

"आणि तुम्ही धुतलात तो हा." त्याने स्वच्छ बाजूला बोट टेकवलं.

"हो, कोम्पाद्रे. मी उशीर केला. आणि त्याआधी खोटं बोलले, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून बोलतोय आम्ही. त्याबद्दल मला काय म्हणायचं ते म्हणा. पण उजवा हा आहे. अजून हा आहे."

दोन सेनोनने हळूच हातमोजे काढले आणि खिशात घातले. मागून ती म्हातारी काहीतरी पुटपुटली, आशीर्वादाचं, माशाला कसा लागेल आशीर्वाद असलं काही. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. पण कुणी तिला गप्पही केलं नाही, हेही खरं.

स्टालिन सरळ उभा राहिला. त्याने उजवा डोळा तळहाताने झाकून घेतला, उन्हाने त्रास व्हावा तसा. ऊन नव्हतं. तसाच झाकल्या डोळ्याने तो काही वेळ आंधळा उभा राहिला, भर गर्दीत, आपल्या न झालेल्या बोटीच्या साच्याला टेकून.

"बाटलीला बूच लावा, कोमाद्रे," तो म्हणाला.